डाग काढायचा ब्रश

मोहोळजवळच्या आमच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर आईचा फोटो दिसतो. फोटो म्हणायचं एवढंच. ते चित्र आहे, कॉम्प्युटरवर रंगवलेलं, आणि ते मी काढलेलं आहे. माझं पहिलं. ते भिंतीवर चढलं त्या दिवशी गावातल्या बायका म्हणाल्या, “अगं बया, किती गोरी आली!” जन्मभर काळी म्हणून जिला नावं ठेवली ती मेल्यावर का होईना गोरी झाली, याचा सगळ्यांना आनंद झाला होता. मलाही झाला होता. पी हळद आणि हो गोरी म्हणतात ते मी हळदीशिवाय करून दाखवलं होतं.

आई गेली तेव्हा मी मोहोळला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतो. घरात तिचा एकच धड फोटो होता, पासपोर्ट साइजचा, बचत गटाच्या कागदाला पिना मारून लावलेला. पावसाळ्यात त्याला बुरशी आली होती. पिना काढून मी तो क्लासला नेला आणि स्कॅन केला. सॉफ्टवेअरमध्ये डाग काढायचा एक ब्रश असतो. डागावर ठेवायचा आणि दाबायचं. आजूबाजूची कातडी ओढून तो डागावर पांघरतो. तो ब्रश घेऊन मी आईच्या तोंडावर बसलो. गालावर, कपाळावर, हनुवटीवर, जिथे काळं दिसेल तिथे दाबत गेलो. दोन तासांनी सोललेल्या अंड्यासारखा चेहरा बाहेर आला. मग सगळे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, एक करून मूळच्या स्कॅनवरच सेव्ह मारलं आणि मूळचा फोटो क्लासच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. घाण गेली, असं तेव्हा वाटलेलं मला स्वच्छ आठवतं.

वर्षभराने तेच चित्र मोबाइलमध्ये घेऊन मी सोलापुरात नोकरी मागायला गेलो. सात रस्ता चौकाच्या मागच्या एका गल्लीत फ्लेक्स आणि फोटोचं दुकान होतं. मालक जुना पेंटर. ट्रकच्या मागचे मोर, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या बियाणांच्या जाहिराती, सगळं त्याने हाताने रंगवलेलं. फ्लेक्स आला आणि त्याच्या पोटावर पाय आला, तेव्हा याने रडत न बसता फ्लेक्सचंच मशीन घेतलं. आता हात थरथरायचा, म्हणून कॉम्प्युटरवर बसायला माणूस पाहिजे होता. त्याने माझा मोबाइल हातभर लांब धरून बघितला.

“ही कोण बे? साबणाच्या जाहिरातीतली?”

“आई आहे माझी.”

माणूस ओशाळेल, निदान मोबाइल खाली ठेवेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “हाडं कुठं गेली हिची? गालाला हाड नाही, कपाळाला हाड नाही. आई होती का फुगा होता?”

उठून त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. मारली नाही, कारण तो बोलला ते खरं आहे हे मला त्याच क्षणी दिसलं होतं, आणि एकदा दिसलेलं पुन्हा न दिसल्यासारखं करता येत नाही. त्या दिवशी मी मनात एक गोष्ट पक्की केली. या थेरड्याकडून सगळं शिकायचं, तो काय बोलेल ते गिळायचं, आणि हात बसला की आईचं चित्र नव्याने काढून भिंतीवरचं ते अंडं खाली उतरवायचं. पुढची सात वर्षं मी त्या दुकानात काढली ती एवढ्यासाठी.

दुकानात वाढदिवसाचे फ्लेक्स व्हायचे, लग्नाचे व्हायचे, पण घर चालायचं ते मेलेल्यांवर. तेराव्याला, वर्षश्राद्धाला फ्रेम पाहिजे असायची. खेड्यातल्या म्हाताऱ्यांचे फोटो नसायचे. कुणी एखाद्या कार्डाची झेरॉक्स आणायचं, कुणी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत पदराआड अर्धं तोंड. त्यावरून आम्ही अख्खं माणूस उभं करायचो. मी त्यासाठी एक युक्ती काढली होती. बायकांचं एक तयार धड करून ठेवलं होतं: भरजरी पदर, गळ्यात पुतळ्या, नाकात नथ, मागे निळं आभाळ. त्याला मी सांगाडा म्हणायचो. वर फक्त तोंड बसवायचं, डाग काढायचे, मुलायम करायचं. पाऊण तासात आई तयार. पुरुषांसाठी फेट्याचा सांगाडा वेगळा होता.

गिऱ्हाईकंही तसलीच. जिला जिवंतपणी ठिगळ लावलेलं लुगडं पुरवलं, तिला मेल्यावर पैठणी पाहिजे. “गळ्यात अजून एक सर टाका की,” म्हणायचे. एकाने तर बापाच्या मनगटावर घड्याळ मागितलं. मी विचारलं, “घालायचे का घड्याळ?” तर म्हणाला, “न्हाय, पर घ्यायचं लई मनात व्हतं.” बापाच्या मनात का पोराच्या मनात, हे मी विचारलं नाही. घड्याळ घातलं. अशा माणसांना मी आतल्या आत हसायचो, आणि हे लोक आपल्या आईबापांना कधी डोळे उघडून बघतात की नाही, असं मालकाला म्हणायचो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला फार लांबून दिसायचं.

मालकाची शिकवायची रीत म्हणजे छळ होता. पहिल्या आठवड्यात त्याने स्क्रू ड्रायव्हरने माझ्या कीबोर्डवरचं एक बटण उचकटून काढलं. ज्या बटणाने चुकलेली रेघ मागे घेता येते ते. तंबाखूच्या डबीत टाकलं आणि डबी खिशात. “पत्र्यावर रंग पडला की पडला. चुकलास तर चुकीसकट पुढं जा.” मी मेनूत जाऊन माउसने चूक मागे घ्यायला लागलो, तर माझ्या खुर्चीमागे उभा राहायला लागला.

मग झूम बंद. “किती जवळ जातोस बे? मुका घ्यायचाय का?” मग रंग बंद. चार महिने नुसता राखाडी. उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते, एवढंच काढायचं. मॉडेल म्हणून समोरच्या टपरीवर चहा पिणारी माणसं. ती दोन मिनिटं उभी राहायची आणि तेवढ्यात चेहरा धरायचा. पापण्या, सुरकुत्या काढायच्या नाहीत. आधी कवटी, मग तिच्यावर मांस, मग कातडी. मुलायम करायचा ब्रश त्याने यादीतूनच काढून टाकायला लावला. आणि रोज चित्र आडवं उलटं करून बघायचं, आरशात दिसतं तसं. डोळे वरखाली झालेले, नाक कलंडलेलं, लगेच उघडं पडतं. “आपल्याच चुकीची आपल्याला सवय लागती,” तो म्हणायचा. तो शहाण्यासारखं बोलला असं वर्षातून दोनदा व्हायचं, त्यातलं हे एक.

पण खरी परीक्षा रस्त्यापलीकडून. चित्र झालं की मी स्क्रीन दाराकडे फिरवायची आणि तो समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसायचा. मोठे बोर्ड रंगवणाऱ्यांची ही जुनी सवय: लांबून ओळखू आलं पाहिजे. मध्ये रिक्षा, मोटरसायकली, हातगाडे. त्यातून तो ओरडायचा. “तोंड सुजलंय त्याचं! मेलाय का मधमाश्या चावल्यात?” अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. टपरीवरची माणसं हसायची, ज्यांची मी चित्रं काढली होती तीच. सात वर्षांत तो एकदाही रस्ता ओलांडून चित्र बघायला आला नाही. लांबूनच शिवी द्यायचा, लांबूनच हात हलवून जाऊ दे म्हणायचा. ‘चांगलं’ हा शब्द त्याच्याकडे नव्हताच.

माझा हात मात्र बसत होता. पण तो मी वापरायचो टपरीवरच्या माणसांसाठी. गिऱ्हाईकांना सांगाडाच. त्यांना तेच आवडायचं, मग जीव कशाला घालवायचा? मालकाने हे बघितलं तेव्हा एवढंच म्हणाला, “मेलेल्याला परत मारतोस बे तू.” मी ते नेहमीच्या शिव्यांत जमा केलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. सांगोल्याकडच्या एका वस्तीवरचे बहीणभाऊ आले. मेंढरं राखणारं घर, भाऊ आता सोलापुरात कामाला. आईचं वर्षश्राद्ध होतं. एका कार्डाची झेरॉक्स आणि मोबाइलवरचा एक हललेला फोटो, एवढ्यावर चित्र पाहिजे होतं. मी सांगाडा काढला, तोंड बसवलं, डाग काढले. झेरॉक्सचे काळे ठिपके भरपूर होते, कपाळावर जास्तच. पाऊण तास. त्यांनी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून नेली.

पाचव्या दिवशी बहीण परत आली, मागे भाऊ. तिने फ्रेम माझ्या टेबलावर उताणी ठेवली.

“ही कुणाची हाय?”

मी म्हटलं, “तुमचीच नेलीत की.”

“आमची न्हाय. आमच्या बापानं बघितली आन म्हणलं, ही कोण बाई आणलीया घरात? हार घालू दिला न्हाय. पै-पावणं बसल्यालं, समद्यांच्या म्होरं भिताडाकडं तोंड करून ठेवली फ्रेम. आईच्या कपाळावरचं गोंदण कुटं हाय?”

मी झेरॉक्स काढून दाखवली. “हे बघा, यात काय दिसतंय? सगळे ठिपकेच. त्यातलं गोंदण कुठलं आणि घाण कुठली, मला कसं कळणार?”

“तुला न्हाय कळलं तर इचारायचं तोंड न्हाय का?” ती म्हणाली. “सोनंनाणं हितंच ऱ्हातंय. संगं जातंय ते गोंदण तेवढं. तूच फुसून टाकलंस, आता तिला तिकडं वळखायचं कुणी?”

मालक आतून आला. त्याने फ्रेम बघितली, झेरॉक्स बघितली, मग माझ्याकडे बघितलं.  त्याने दोघांना खुर्च्या दिल्या. “बसा. कुठं कसं होतं सांगा. हा आत्ता तुमच्यासमोर काढंल.”

मी टॅबलेटचं पेन हातात घेतलं.

“तीन ठिपकं,” भाऊ म्हणाला. “दोन भुवयांच्या मधी.”

“तीन कुटले? पाच व्हते,” बहीण म्हणाली. “आन वर चंद्रकोर.”

“चंद्रकोर आत्याला व्हती.”

“आत्याला तुळस व्हती.”

“तुळस हातावर गं.”

“मग हनवटीवर काय व्हतं?”

भावाने स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. बहिणीनेही. मी पेन टेकवून थांबलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला आतून उकळ्या फुटत होत्या. आत्ता माझ्या अंगावर धावून आली होती ना! पन्नास वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या तोंडावर काय होतं ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. मी मुद्दामच विचारलं, “मग? किती काढू? तीन का पाच?” बाईने पदर तोंडाला लावला. भाऊ रस्त्याकडे बघायला लागला. मालक म्हणाला, “याला घेऊन जा तुमच्या म्हाताऱ्याकडं. आणि तू, तिथं तोंड चालवलंस तर परत येऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून मी गेलो, पाठीला टॅबलेट. माळावर दोन खोल्या, बाजूला मेंढरांचा वाडा, काटे लावून केलेला. म्हातारा बाहेर बाजेवर होता. मी स्क्रीन त्याच्यासमोर धरली, हातात पेन दिलं. त्याने पेन काठीसारखं मुठीत धरलं, काचेवर एकदा टेकवलं, आणि परत दिलं. “ह्यावर न्हाय जमायचं. तू खाली बस.”

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. त्याने चुलीवरचा तवा मागवला, उलटा केला, काजळीत बोट घासलं आणि माझी हनुवटी धरली. मेंढराचा जबडा धरावा तशी.

“हितं,” म्हणाला आणि माझ्या कपाळावर बोट दाबलं. “हितं. आन हितं.” तिन्ही ठिपके त्रिकोणात, खालचा बारीक. मग डाव्या भुवईच्या कडेला एक. “हे गोंदताना हालली. म्हणून वाईच वाकडं बसलंया.” मग हनुवटीवर एक, मधोमध नाही, जरा उजवीकडे. त्याने हे सगळं एकदाही न थांबता केलं. साठ वर्षांपूर्वी गोंदताना ती कुठे हलली हेसुद्धा त्याला माहीत होतं.

मग तो पोरांकडे बघून म्हणाला, “ह्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलंच न्हाय कवा. समद्यांची नजर तिच्या हाताकडं, भाकरी येती का म्हणून.”

बहीण खाली बघत होती. मला बरंच वाटलं. तेव्हासुद्धा.

ठिपके बघून चित्रात बसवायचे म्हणून मी उठून मोटरसायकलच्या आरशात डोकावलो. मी आईच्या तोंडावळ्याचा आहे. लहानपणापासून सगळे म्हणतात: कपाळ आईचं, हनुवटी आईची. आरशात काळे ठिपके लावलेलं ते कपाळ आलं आणि मला आई दिसली. चुलीपुढची, घामाने कुंकू ओघळलेलं, कपाळावर हिरवट काळं काहीतरी. काहीतरी! माझ्या आईला गोंदण होतं. मी ते दोन तास बसून, एकेक ठिपका शोधून, पुसलं होतं. आणि ते कसं होतं, हे मला आठवत नव्हतं.

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून मी टॅबलेटवरचं चित्रही उलटं केलं, ठिपके बसवले, परत सुलटं केलं. सवयीने हात चालत होता. तिथेच बाजेजवळ बसून मी सांगाडा काढून टाकला आणि तिचं तोंड पहिल्यापासून रंगवलं, म्हातारा सांगेल तसं. नाक बसकं. एक डोळा बारीक. नथ नाही. तीन तास लागले. आठवड्याने नवी फ्रेम पोचवायला गेलो तेव्हा म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांत धरली आणि तिला म्हणाला, “आलीस व्हय.” लेक हार घेऊन पुढे आली, तर त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला. “तू नगं घालू. तुज्या वळखीची न्हाय ती.” आणि स्वतः घातला.

तिथून मी तसाच मोहोळला उतरून घरी गेलो. अंडं भिंतीवर होतं. मी फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा काढला. कशासाठी, कुणास ठाऊक. मागे काय असणार? ट्रंक उपसली. एका कार्डाची झेरॉक्स सापडली, तिचीही झेरॉक्स केलेली, त्यात आईचं तोंड म्हणजे करपलेली भाकरी. बचत गटाच्या कागदावर पिनांची भोकं होती. ज्या क्लासच्या डब्यात मी तो फोटो टाकला, तो क्लास बंद होऊन तिथे खतांचं दुकान झालंय. मावशी एकच होती, ती आईच्या आधी गेली. गल्लीतल्या एका म्हातारीला विचारलं, तर म्हणाली, “व्हतं की. समद्यांनाच असतंय.” कसं होतं विचारलं तर म्हणाली, “जसं असतंय तसं.”

पुण्यातल्या थोरल्या भावाला फोन लावला. “आईच्या कपाळावरचं गोंदण कसं होतं रे?”

तो म्हणाला, “आईला गोंदण व्हतं व्हय?”

एका माणसाला माहीत होतं. आमच्या वडिलांना. चित्र भिंतीवर लावलं त्या दिवशी बायका कौतुक करून गेल्या आणि वडील एकटेच समोर उभे राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हिच्या कपाळावरचं कुटं गेलं रे?” मी तेव्हा गावात कॉम्प्युटर येणारा एकटा होतो. मी म्हणालो, “दादा, तुमाला ह्यातलं काय कळतंय? डाग काढलेत. आता स्वच्छ दिसतीया.” ते “बरं” म्हणाले. त्यानंतर पाच वर्षं ते त्या भिंतीसमोर बाजेवर झोपले आणि पुन्हा एका शब्दाने विचारलं नाही. रोज संध्याकाळी उदबत्ती मात्र लावायचे. कुणाला लावत होते, देव जाणे. तीन वर्षांपूर्वी तेही गेले. त्यांचं चित्रही मीच काढलं, फेट्याच्या सांगाड्यावर.

त्या बहीणभावाला मी हसलो होतो. निदान त्यांचा बाप जिवंत होता.

तरी मी आईचं चित्र काढायला घेतलं. सात वर्षं ज्यासाठी शिव्या खाल्ल्या ते सोडणार कसं? दुपारी दुकानात गर्दी नसायची तेव्हा काढायचो. आधी राखाडी. कवटी माझीच घेतली, आरसा समोर ठेवून. उजेड खालून, चुलीचा. गालाचं हाड, गळ्याची शीर, काळी कातडी; खरी काळी, तिच्यात जांभळा आणि तांबडा कुठे मिसळतो ते मला आता येत होतं. झूम केलं नाही. एकही रेघ मागे घेतली नाही. हात असा चालला की माझं मलाच नवल वाटलं. तीन आठवड्यांत चेहऱ्याला हाडं आली, डोळ्यांत पाणी आलं, ओठांच्या कडेला ती कुणाला तरी रागावण्याच्या बेतात असायची ते आलं. कपाळ तेवढं राहिलं.

तिथे मी तीन ठिपके देऊन बघितले. पाच दिले. चंद्रकोर दिली. सगळं बसत होतं आणि काहीच ओळखीचं नव्हतं. एकदा तर त्या मेंढरांच्या वस्तीवरच्या म्हातारीचं गोंदण आहे तसं उचलून आईच्या कपाळावर ठेवलं, आणि ते इतकं शोभलं की मला शिसारी आली. कोरं ठेवून बघितलं, तर परत अंडं. शेवटी मी तेच केलं जे हात बसलेला माणूस करतो. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं, ते घामाने ओघळू दिलं, आणि हनुवटीवर पदराची सावली टाकली. इतकी सफाईने टाकली की तिच्याखाली काही लपवलंय अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये. जेवढं शिकलो होतो तेवढं सगळं त्या सावलीत घातलं.

मग स्क्रीन दाराकडे फिरवली. मालक समोर टपरीवर होता. मी शिवीची वाट बघत उभा राहिलो. तो काहीच ओरडला नाही. कप खाली ठेवला, उठला आणि रस्ता ओलांडायला लागला. एका रिक्षावाल्याने हॉर्न मारला, त्याच्याकडे बघितलंही नाही. आत आला, स्क्रीनसमोर उभा राहिला. दोन्ही हात त्याने पाठीमागे धरले होते.

“हे चांगलं झालं बे,” तो म्हणाला.

त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली, तळातून ते बटण काढलं, धोतराला पुसलं आणि माझ्या कीबोर्डवर ठेवलं. “बसव परत. आता तुला हे लागायचं नाही.” मग पुन्हा चित्राकडे बघत राहिला. मोबाइल हातभर लांब धरून त्याने तिला एकदा बघितलं होतं. आता हातभर अंतरावर उभा राहून तो तिला निरखत होता.

“कुणाची आई बे ही?”

“गिऱ्हाईकाची,” मी म्हणालो.